लेकरू बरं आहे, मग निरोप: शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीत नव्यानं रुजू झालेल्या ताईंसाठी

अंगणवाडीच्या दारात लेकरू सोडायला आपल्याकडं आई क्वचितच येते. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, तुरीची रास, काही ना काही चालूच असतं, आणि रोजंदारीला जाणारी बाई सकाळी सातालाच गावाबाहेर पडलेली असते. लेकराचं बोट धरून येते ती आजी, नाहीतर त्याच आवारात तिसरी-चौथीला शिकणारी बहीण. तुम्ही जे काही सांगाल ते या दोघींपैकी एकीच्या तोंडून रात्री चुलीपुढं आईला कळणार, आणि आईकडून जमलं तर बापाला.

ही एक गोष्ट नव्या ताईंनी पहिल्या दिवशीच धरून ठेवावी असं मला वाटतं. प्रशिक्षणात ‘पालकांशी संवाद साधा’ असं सांगतात, पण पालक समोर उभाच नसतो त्याचं काय करायचं ते सांगत नाहीत. मी माजलगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेच्या आवारात सतरा वर्षं अंगणवाडी सांभाळते आहे. त्यात जे जमलं आणि जे चुकलं, ते क्रमानं सांगते. तुमचं केंद्र बालवाटिका असो की पाळणाघराची सोय असलेली अंगणवाडी, यातलं बरंच काही लागू पडेल.

आधी घर बघून या

रुजू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येक लेकराच्या घरी एकदा जाऊन या. मदतनीसताईंना सोबत घ्या. त्या बहुधा गावच्याच असतात, कोण कुणाची भावजय आणि कुठल्या दोन घरांचं बोलणं बंद आहे हे त्यांना ठाऊक असतं. वेळ दिवेलागणीच्या जराशी आधीची. त्या वेळी आई शेतातून येऊन चुलीपाशी बसलेली असते, हात भाकरीत गुंतलेले असतात, पण तोंड मोकळं असतं. पहिल्या भेटीत रजिस्टर बाहेर काढू नका. रजिस्टर दिसलं की घरातली माणसं आधार कार्ड शोधायला उठतात आणि बोलणं तिथंच संपतं.

विचारायचं काय? घरात त्याला काय म्हणून हाक मारता. दाखल्यावर नाव मोठं असतं आणि घरात तो ‘बाळ्या’ असतो. अनोळखी जागी रडणारं लेकरू घरच्या नावानं हाक मारली की वळून बघतं. कशाला भितो. रात्री कुणाजवळ झोपतो. शी-सू ला कोणता शब्द वापरतो. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण मला विचारा तर सगळ्यात कामाचा तोच आहे.

भाषेचंही तसंच. बंजारा तांड्यावरच्या घरात गोरमाटी बोलतात, मोहल्ल्यात दखनी उर्दू. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कन्नड कानावर येते. अशा घरी गेलात की आईकडून चार शब्द शिकून घ्या: पाणी, भूक, दुखतंय, आई. मी पहिल्यांदा तांड्यावर जाऊन ‘याडी’, म्हणजे आई, म्हटलं तेव्हा ओसरीवरच्या सगळ्या बाया हसल्या, आणि मग चुकीचा उच्चार दुरुस्त करायला तिघी एकदम पुढं सरकल्या. ज्या बाईनं आपल्याला शब्द शिकवला, ती पुढं केंद्रात यायला बिचकत नाही.

घरून परत आल्यावर, तिथं बसून नव्हे, एका वहीत लेकरागणिक एक पान करा. मी तिला निरोपवही म्हणते. पानावर एवढंच: घरातलं नाव, कोण सोडतं, कोण न्यायला येऊ शकतं, फोन कुणाचा आणि दिवसा तो घरात असतो की बापाच्या खिशात, झटके येतात का, काही खाल्लं की अंगावर उठतं का, आणि आई-बाप शेतात असताना हाकेच्या अंतरावर कोण आहे. ‘कोण न्यायला येऊ शकतं’ हे सहीनिशी घ्या, आणि त्या नावांबाहेरचं कुणी आलं तर, सख्खा चुलता असला तरी, घरी विचारल्याशिवाय लेकरू हाती देऊ नका. हा नियम पहिल्या भेटीतच सांगून टाकला की पुढं कुणाला अपमान वाटत नाही.

दारातली दोन वाक्यं

बैठका आणि फलक पुढं येतील, पण घराशी खरं नातं जुळतं ते दारात, लेकरू सोडताना आणि नेताना, अर्ध्या मिनिटात. त्या अर्ध्या मिनिटात ‘छान आहे हो तुमचा नातू’ म्हणू नका. ते सगळ्यांच्या नातवाला म्हणता येतं. त्या दिवशी तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगा.

एक पोरगा होता, साडेतीन वर्षांचा. दोन महिने कोपऱ्यात बसून राहिला, बोलणं नाही. त्याची आजी रोज दारात विचारायची, “बाई, बोलला का काई?” आणि मी मान हलवायची. एक दिवस आम्ही परातीत तूर, हरभरा आणि मूग एकत्र करून ठेवले होते, तीन वाट्यांत वेगळे करायला. बाकीची लेकरं अर्ध्यात उठली. हा शेवटपर्यंत बसला. जीभ दातात धरून एकेक दाणा उचलायचा, बोटांत फिरवून बघायचा, मग वाटीत टाकायचा. तुरीत मिसळलेला एक किडका हरभरा त्यानं वेगळा काढून जमिनीवर ठेवला. आजी न्यायला आली तेव्हा मी तेवढंच सांगितलं: “आजी, आज यानं तूर, हरभरा, मूग निवडला. एक दाणा चुकला नाही. किडका पण बाजूला काढला.”

दुसऱ्या दिवशी आजीऐवजी त्याची आई आली. कामावर जायच्या आधी, डोक्याला फडकं बांधलेलं. “खरंच का बाई? आत्या रातच्याला चारदा सांगायल्या की, किडका बाजूला काढला म्हणून.” तिच्या पदराच्या गाठीत मूठभर करडई होती. “हे पण द्या त्याला निवडाया.” आपल्या केंद्रासाठी तिनं आपणहून आणलेली ती पहिली वस्तू.

बघा, आजीनं शब्द न् शब्द पोचवला, कारण त्यात पोचवण्याजोगं काही होतं. ‘सामाजिक-भावनिक विकास होतोय’ हे आजी कसं सांगणार?

दुसरं वाक्य प्रश्नाचं असावं. “रात्री झोपला का?” “सकाळी काही खाऊन आलाय का?” हे विचारल्यानं रात्रीचा ताप, घरातलं आजारपण, बाप गावाला गेल्याची बातमी वेळेवर कळते, आणि लेकरू आज असं का वागतंय याचा उलगडा होतो.

पंचवीस लेकरांच्या घरी रोज सांगणं होत नाही. रोज पाच धरा. निरोपवहीत त्या दिवशीच्या नावापुढं एक टिंब द्या. आठवड्याच्या शेवटी वही चाळली की कळतं कुणाच्या घरी काहीच गेलेलं नाही. ती बहुधा गप्प, कुणाला त्रास न देणारी लेकरं असतात.

बहिणीच्या हाती निरोप: माझी चूक

शाळेच्या आवारात असण्याचा मोठा फायदा म्हणजे मोठी भावंडं हाताशी असतात. आणि धोकाही तिथंच आहे.

नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका फॉर्मवर आईची सही राहिली होती. मधल्या सुट्टीत तिसरीतली बहीण दिसली, तिला म्हटलं, “आईला बोलाव गं, बाईंनी बोलावलंय म्हण.” पोरगी धावत गेली. अर्ध्या तासानं आई आली ती अनवाणी, खुरपं हातातच, तोंडातून शब्द फुटत नव्हता. रस्ताभर तिनं काय काय मनात आणलं असेल! लेकरू आत खिचडी खात बसलं होतं. ते बघून ती दारातच खाली बसली. मी फॉर्म पुढं केला तेव्हा ती काही बोलली नाही, सही केली आणि निघून गेली. त्या दिवसाची तिची अर्धी मजुरी बुडाली होती. अजून ते खुरपं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासूनचा माझा नियम, आणि तुम्हीही तो पाळा अशी मनापासून विनंती: निरोप कुठलाही असो, फोनवर, चिठ्ठीत की तोंडी, पहिले शब्द ‘लेकरू बरं आहे’ हेच. मग कामाचं. भावंडाच्या हाती फक्त साधा निरोप द्यायचा, तोही चिठ्ठीवर लिहून, आणि कधी यायचं ते सांगून: ‘लेकरू बरं आहे. एक सही हवी आहे. शुक्रवारपर्यंत कधीही या.’ पडलं, लागलं, ताप चढला, उलट्या झाल्या, तर भावंडाला पाठवायचं नाही. फोन करायचा, फोन लागला नाही तर वहीतल्या जवळच्या माणसाकडं मदतनीसताई स्वतः जातील. तिसरीतल्या पोरीनं असली बातमी डोक्यावर घेऊन पळू नये.

लागलं-पडलं तर ते लपवू नका, आणि घरच्यांना लेकराच्या कपाळावरचं टेंगूळ बघून कळू देऊ नका. कधी, कुठं, कशानं, आपण काय केलं, हे चार वाक्यांत आधी तुम्ही सांगा. दुसऱ्या लेकरानं चावा घेतला असेल तर त्याचं नाव सांगायचं नाही. गाव लहान असतं, नाव कळलं की भांडण दोन घरांत जातं.

फळा आणि मोबाईल

दाराबाहेर, आजीच्या नजरेच्या उंचीवर, एक छोटा फळा लावा. त्यावर तीनच गोष्टी: आजचा आहार, आजचं गाणं किंवा खेळ, आणि पुढच्या आठवड्यातला एखादा ठरलेला दिवस. वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारी चित्र काढा, लसीकरणासाठी सुई, वजनासाठी काटा. चित्र चांगलं आलं नाही तरी चालतं. फळा रोज पुसून लिहिला पाहिजे. तीन दिवस जुना मजकूर दिसला की पुढं कुणी त्याकडं बघत नाही.

आहाराबद्दल एक गोष्ट वारंवार सांगावी लागते. बऱ्याच घरांत समज असतो की अंगणवाडीत जेवला, आता घरी नाही दिलं तरी चालेल. केंद्रातून मिळतो तो पूरक आहार. घरच्या जेवणावरची ती भर आहे. हे आजीला आकड्यांत सांगू नका. “आजी, इथली खिचडी न्याहारी धरा, दुपारची भाकरी चुकवू नका,” एवढं पुरतं.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट करा, पण त्याच्यावर विसंबू नका. फोन बहुधा बापाकडं असतो आणि तो ऊसतोडीला नाहीतर शहरात कामाला. लांबलचक मजकुरापेक्षा अर्ध्या मिनिटाचा आवाजातला निरोप पाठवा. तो बाप ऐकतो, घरी फोन लावून सांगतो, आणि वाचता न येणारी आजीही ऐकते. गटावर शुभ सकाळ आणि राजकारण येऊ नये म्हणून ‘फक्त ॲडमिन पाठवू शकतील’ ही सोय चालू ठेवा. फोटो टाकण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या. वजनाची यादी, कुपोषणाची नावं, नाक गळतंय किंवा कपडे नाहीत असा फोटो, हे गटावर कधीच जाता कामा नये. पर्यवेक्षिकांच्या गटावर पाठवायचा फोटो चुकून पालकांच्या गटावर जातो, म्हणून पाठवण्याआधी वरचं नाव वाचायची सवय लावून घ्या.

आणि ओटीपीचं प्रकरण. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदणी करताना, टीएचआरच्या, म्हणजे घरी न्यायच्या आहाराच्या, पाकिटांसाठी चेहऱ्याची पडताळणी करताना आईचा आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल लागतो. तो मोबाईल शेतात किंवा परगावी असतो, आणि फसवणुकीच्या बातम्या ऐकून ओटीपी म्हटलं की लोक दचकतात. ते दचकतात ते बरोबरच आहे. म्हणून दोन दिवस आधी सांगा: अमुक दिवशी फोन घेऊन या, माझ्यासमोर नंबर येईल, समोरच भरू. “मी फोनवरून कधीही नंबर मागणार नाही, माझं नाव सांगून कुणी मागितला तर देऊ नका,” हे प्रत्येक घराला एकदा तरी तोंडानं सांगाच.

वजन सांगताना

दर महिन्याला वजन-उंची होते. सुरुवातीच्या वर्षात मी रांगेतच मोठ्यानं आकडा बोलायची, मदतनीसताई लिहून घ्यायच्या. एका आईसमोर असंच बोलून गेले, “हिचं तर घटलं की!” मागं सात-आठ जणी उभ्या होत्या. ती बाई पुढं आठ दिवस पोरीला घेऊन आली नाही. बरोबर होतं तिचं. लेकराचं वजन घटलं हे आईच्या कानाला ‘तुझं लक्ष नाही’ असंच ऐकू येतं.

आता आकडा कागदावर लिहितो, बोलत नाही. बोलायचं ते नंतर, बाजूला घेऊन, बसून. आधी विचारायचं: “मागच्या महिन्यात हगवण, ताप काही झालं होतं का?” बहुतेक वेळा कारण आई स्वतःच सांगते. मग वाढीच्या आलेखावरचे मागचे टिंब दाखवा. तीन ते पाच वर्षांच्या लेकराचं वजन वर्षाला साधारण दोन किलोनं वाढतं, म्हणजे दोन-तीन महिने काटा जागचा हलला नाही तर ते बघायला हवं, हे तिला समजतं. दंडाला लावायची पट्टी तर आणखी सोपी: हिरवा, पिवळा, लाल. सहा महिने ते पाच वर्षांखालच्या लेकराचा दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली म्हणजे लाल, 12.5 पर्यंत पिवळा. पट्टी आईच्या हातात द्या, तिलाच मोजू द्या.

लाल आला तर ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषण, हा शब्द घरात फेकून येऊ नका. आशाताई, आरोग्य उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टर यांना कळवा, पुढं काय होणार ते पायरीपायरीनं सांगा: तपासणी, गरज पडली तर ग्राम बाल विकास केंद्रातला जादा आहार, भूक मेली असेल किंवा आजार असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. भरती म्हटलं की आजीचा पहिला प्रश्न असतो, घरच्या बाकीच्या लेकरांना कोण बघणार. त्याचं उत्तर घरच्यांबरोबर बसून शोधायला अर्धा तास द्यावा लागतो, आणि तो तुम्ही द्या. भरती तिथंच अडते.

बोलायला उशीर, नीट ऐकू न येणं, नजर वाकडी असणं, अशा गोष्टींतही निदान आपण करायचं नाही. “मला असं दिसलं, घरी पण असंच होतं का?” असं विचारायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तारीख कळली की त्या घरच्यांना आधी सांगा, म्हणजे डॉक्टरांपुढं आई स्वतः हजर असेल. पाच वर्षांनंतरचा डीपीटीचा बूस्टर बऱ्याच घरांतून राहून जातो, कारण सगळ्या लसी झाल्या असं वाटत असतं. कार्ड काढून दाखवल्याशिवाय पटत नाही.

बैठक कधी घ्यायची

आठवडी बाजाराच्या दिवशी नको. लातूर-धाराशिवकडं असाल तर वेळ अमावस्येच्या आगेमागे नको, त्या दिवशी सगळं गाव आंबील आणि भज्जी घेऊन शेतात असतं. रमजानात संध्याकाळ नको. कापसाच्या दिवसांत दुपारी घेतली तर तुम्ही आणि मदतनीसताई दोघीच बसाल. आमच्याकडं रात्री जेवणं उरकल्यावर, मारुतीच्या पाराजवळ, पाऊण तास घेतलेली बैठक सगळ्यात भरते. बापही तिथंच असतात. ते केंद्रात यायला लाजतात, पारावर मात्र ऐकतात आणि विचारतात.

गोल बसा, सतरंजीवर, तुम्हीही खालीच. भाषण नको. लेकरांची चित्रं, मातीचे बैल, मण्यांच्या माळा मध्ये मांडून ठेवा आणि प्रत्येकाला आपल्या लेकराचं शोधू द्या. पहिली दहा मिनिटं यातच जाऊ द्या. मग दोनच विषय. एक तुमचा, एक त्यांचा. त्यांचा विषय बहुधा असा निघतो: “लेकरं नुसती खेळायलेत, शिकायलेत कधी? अ आ ई कधी यायचं?” या प्रश्नाला वैतागू नका. गावात पाटी-दप्तर आणि बूट-मोज्यांची खासगी बालवाडी उघडलेली असते, त्यांना आपलं लेकरू मागं पडायची भीती वाटते. तीच निवडलेल्या धान्याची परात पुढं ठेवा. दाणा ओळखणारी नजर पुढं ‘प’ आणि ‘ष’ ओळखते, चिमटीत दाणा धरणारी बोटं पेन्सिल धरतात. एका बापाला मी परात पुढं केली आणि निवडायला लावलं. त्यानं पाच मिनिटांनी मान वर करून म्हटलं, “लई ध्यान लागतंय की.” मला पुढं काही सांगावं लागलं नाही.

घरच्यांना काम द्या

नुसतं ‘सहभागी व्हा’ म्हटल्यानं कुणी येत नाही. काम नेमकं आणि छोटं असेल तर येतात. “मंगळवारी दहा वाजता या आणि पंधरा मिनिटं जात्यावरची ओवी म्हणा,” असं एका आजींना सांगितलं होतं. आजी नवं लुगडं नेसून आल्या. लेकरं त्यांच्या मांडीवर चढली.

कुंभाराच्या घरचे चिखल आणून देतात. पोळ्याच्या आधी मातीचे बैल करायला आजोबा येतात. परसबागेत शेवगा आणि पालक लावायला, आळ्याला पाणी घालायला बापांना बोलवा, त्यांना बोलण्यापेक्षा हातानं करणं सोपं जातं. रोज एका आईनं किंवा आजीनं आहाराची चव घ्यावी, लेकरांच्या ताटात पडण्याआधी, आणि चव वहीत सही करावी. मीठ जास्त झालं तर त्या तोंडावर सांगतात. सांगू द्या. आहाराबद्दलची कुजबुज गावभर फिरण्यापेक्षा ती चुलीपाशी बोललेली बरी. अन्नप्राशन, सुपोषण दिवस हे कार्यक्रम असतातच. त्यात सुपोषण दिवसाला बापांना बोलवायचं असतं, ते कागदावर राहू देऊ नका.

आजच्या बऱ्याच आया स्वतः अंगणवाडीत सुकडी खाऊन वाढल्या आहेत. तुमच्या वेळी कोणतं गाणं होतं, असं विचारून बघा. विसरलेली गाणी त्यांच्याकडून परत मिळतात.

कारखाने सुरू होतात तेव्हा

दसरा-दिवाळीच्या सुमाराला साखर कारखाने सुरू व्हायला येतात, ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागायला लागतात आणि केंद्रातली निम्मी लेकरं एका आठवड्यात गायब होतात. बीड, जालना, परभणीकडच्या ताईंना हे वेगळं सांगायला नको. नवीन असाल तर ऐका: ही यादी गाडी लागायच्या आधी तयार पाहिजे. कोण जाणार, कुठल्या कारखान्यावर, लेकरू सोबत जाणार की आजीजवळ राहणार.

जाणाऱ्या लेकराच्या आईच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, उसाच्या फडात सगळं भिजतं. त्याचा फोटो तिच्या आणि मुकादमाऐवजी एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवा. शेवटचं वजन, राहिलेली लस, तिला तोंडपाठ करून द्या. तिकडच्या अंगणवाडीत लेकराला आहार आणि लस मिळवण्याचा तिचा हक्क आहे हे ठासून सांगा, आणि पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करा. ‘आपण परगावचे, आपल्याला कोण देणार’ असं म्हणून बाया तिकडच्या दारापर्यंतच जात नाहीत.

मागं आजीजवळ राहिलेल्या लेकरांचं वेगळं असतं. पहिले पंधरा दिवस ती गप्प होतात, काही जण परत कपड्यात सू करतात. आजीला सांगून ठेवा की हे होतं, मारू नका. दर रविवारी मी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून आई-बापाला पाठवते. फडात रेंज कधी असते कधी नसते, पण रेंज आली की निरोप पोचतो. एका मुलीनं एकदा काहीच बोलायचं नाकारलं, नुसतं गाणं म्हटलं. तिच्या आईनं ते कोप्यांवरच्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांमधल्या, सगळ्या बायांना ऐकवलं असं पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर, परत येऊन सांगितलं.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात वजन, लसीचं कार्ड, आणि घरी एक फेरी. सहा महिन्यांत लेकरू बदललेलं असतं. “तिकडं काय नवीन शिकला?” हे आईला विचारा. ट्रॅक्टरचे आवाज, बैलांची नावं, कितीतरी येत असतं त्याला.

शाळेशी बोलून ठेवा

आवार एक, पण कितीदा तरी अंगणवाडी आणि शाळा एकमेकींना पाहुण्यासारख्या वागवतात. मुख्याध्यापकांना महिन्यातून एकदा भेटून तारखा जुळवून घ्या, म्हणजे एकाच घराला सोमवारी शाळेत आणि बुधवारी अंगणवाडीत असं दोनदा मजुरी बुडवून यावं लागणार नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. त्यातल्या एखाद्या आईचं धाकटं लेकरू तुमच्याकडं असतंच. पाण्याची टाकी, छोट्या उंचीचं शौचालय, आवाराचं फाटक हे विषय तिच्या तोंडून समितीत निघाले तर लवकर मार्गी लागतात.

लेकराशी कुणी वावगं वागतंय अशी शंका आली, घरात किंवा बाहेर, तर ती गावात चर्चेला सोडू नका. 1098 हा लेकरांच्या मदतीसाठीचा चाइल्डलाइनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा आणि बैठकीत एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.

पहिलीत जाणाऱ्या लेकरांसाठी ‘पहिले पाऊल’चे शाळापूर्व तयारी मेळावे होतात. त्यात आया गटागटानं बसून लेकराला काय येतं ते स्वतः बघतात, विकास पत्र घेऊन टेबलाटेबलाला फिरतात. तिथं आजीलाही बोलवा, ती आली तर आनंदानं फिरते.

आणि जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी निरोपवहीतलं त्या लेकराचं पान उतरवून पहिलीच्या गुरुजींना किंवा बाईंना द्या. कोण सोडतं, कोण नेतं, फोन दिवसा कुणाकडं असतो, कोणत्या महिन्यात घर कारखान्यावर असतं. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, घरात हाक मारतात ते नाव.